जीवनसत्त्वांचे सूक्ष्मजैविक आमापन

अन्नपदार्थ, औषधे, रक्त, मूत्र इत्यादींमधील एखाद्या जीवनसत्त्वाचे परिमाण, त्या जीवनसत्त्वावाचून वाढू न शकणाऱ्या सूक्ष्मजंतूच्या वाढीवरून ठरविण्याच्या पद्धतीस ‘सूक्ष्मजैविक आमापन’ असे म्हणतात. आमापन म्हणजे मिश्रणातील विशिष्ट घटकाचे प्रमाण किंवा त्याची प्रभावक्षमता मोजून काढणे. रासायनिक आमापनात ही मोजणी वजन, रंग, प्रकाशाचे शोषण यांसारख्या गुणधर्मांवरून होते. येथे मोजण्याचे साधन स्वतः सजीव असते. या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्यातील धोके ही दोन्ही याच एका गोष्टीतून उद्‌भवतात. पदार्थात जीवनसत्त्व किती आहे हे जंतू सांगत नाही. त्यातील किती आपणास वापरता आले एवढेच तो सांगतो. जे जंतूला वापरता येते ते माणसालाही वापरता येतेच, असे नाही व याउलटही नाही.

ही पद्धत मुख्यतः ब-गटातील जीवनसत्त्वांना लागू पडते. थायामीन (ब१), रिबोफ्लाविन (ब२), निकोटिनिक अम्ल (निॲसीन), पँटोथेनिक अम्ल, पिरिडॉक्सिन (ब६), बायोटिन, फॉलिक अम्ल व ब१२ या सर्वांसाठी निरनिराळे सूक्ष्मजंतू उपलब्ध आहेत. अ, ड, ई ही मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे आणि क-जीवनसत्त्व यांची सूक्ष्मजंतूंना सामान्यतः गरज भासत नाही. त्यामुळे त्यांच्या मोजणीस ही पद्धत निरुपयोगी आहे. [→ जीवनसत्त्वे].

तत्त्व : ब-गटातील जीवनसत्त्वे ही कोशिकेतील एंझाइमांची (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांची) साहाय्यक द्रव्ये असल्यामुळे ती मनुष्यापासून जंतूपर्यंत बहुतेक सर्व सजीवांना लागतात. पुष्कळसे जंतू ती स्वतःच तयार करतात. आतड्यातील एश्चेरिकिया कोलाय हा जंतू साखर आणि काही लवणे एवढ्यावरच उत्तम वाढतो. त्याला जीवनसत्त्वे पुरविण्याची गरज नसते. याउलट दूध, दही, आंबवलेल्या भाज्या, वनस्पतींचे रस अशा समृद्ध ठिकाणी राहणाऱ्या लॅक्टिक अम्लजनक जंतूंना ही द्रव्ये आयती मिळत आली आणि ती बनविण्याची क्षमता त्यांच्यातून बव्हंशी नाहीशी झाली. त्यांचे हे परावलंबित्वच आमापनाला उपयोगी पडते.

अशा जंतूला लागणारे सर्व घटक भरपूर असलेले, पण मोजावयाच्या जीवनसत्त्वाचा मात्र लवलेशही नसलेले संवर्धन माध्यम घेतले, तर त्यात तो वाढत नाही. त्यात ते जीवनसत्त्व थोडे घातले, तर तेवढ्यापुरती वाढ होते. दुप्पट घातले, तर वाढही जवळजवळ दुप्पट होते. हे प्रमाण एका ठराविक मर्यादेपर्यंतच टिकते. त्यापुढे जीवनसत्त्व मुबलक होऊन दुसऱ्याच एखाद्या घटकाचा तुटवडा पडतो व आलेखाचा वक्र सपाट होत जातो. मोजणी करावयाची ती वक्राच्या चढत्या भागातच.

जीवनसत्त्वे साहाय्यक द्रव्ये म्हणून पुनःपुन्हा वापरली जात असल्याने ती अत्यल्प लागतात आणि त्यामुळे पद्धतीला असाधारण संवेदनक्षमता लाभते. १० मिलि. माध्यमात एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाइतके रिबोफ्लाविन असले तरी वाढीतील फरक स्पष्ट दिसतो. ब१२च्या बाबतीत तर नॅनोग्रॅमचा (ग्रॅमच्या अब्जांश भागाचा) अंशही मोजता येतो. निरोगी माणसाच्या १ मिलि. रक्तरसात (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात) हे जीवनसत्त्व सु. २०० ते ९०० पिकोग्रॅम, म्हणजे नॅनोग्रॅमहूनही कमी असते. ही पद्धत पुढे आली त्या काळात एवढी सूक्ष्म मोजणी करू शकेल असे दुसरे कोणतेही साधन नव्हते.

इतिहास : या पद्धतीचे मूळ एका जुन्या वादात आहे. साखर, अमोनियाचे लवण व यीस्टची राख एवढ्यावर यीस्ट वाढते, असे लूई पाश्चर यांनी १८६० मध्ये म्हटले होते. यूस्टुस फोन लीबिख यांना तसा अनुभव आला नाही व त्यांनी पाश्चर यांच्या विधानावर आक्षेप घेतला. १९०१ मध्ये बेल्जियममधील लूव्हाँ येथे ई. व्हिल्डिएर्स यांनी याचे कारण दाखवून दिले. बीज म्हणून घातलेले यीस्ट अगदी थोडे असेल, तर ते अशा माध्यमात वाढत नाही. भरपूर घातले, तर वाढते, कारण वाढीला लागणारे एक सेंद्रिय द्रव्य त्या बीजाबरोबरच माध्यमात उतरते. या अज्ञात द्रव्यास त्यांनी ‘बायॉस’ (जीवन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून) असे नाव दिले. जीवनसत्त्वांची कल्पना मांडली जाण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

यीस्टची वाढ हीच जीवनसत्त्वाची चाचणी म्हणून वापरावी, अशी सूचना अमेरिकेतील आर्. जे. विल्यम्स यांनी १९१९ मध्ये केली. मात्र त्या वेळी तिचा फारसा उपयोग होऊ शकला नाही, कारण बायॉस हे एक द्रव्य नसून अनेकांचे मिश्रण होते. त्यातून पुढे इनॉसिटॉल, पँटोथेनिक अम्ल व बायोटिन ही द्रव्ये एकामागून एक वेगळी काढण्यात आली. बायोटिन हे एफ्. केगल व बी. टनिस यांनी १९३६ मध्ये मिळविले, ते सु. २५० किग्रॅ. वाळवलेल्या अंड्यांच्या बलकापासून आणि तेही जेमतेम १ मिग्रॅ. इतक्या प्रचंड ढिगातील एवढेसे द्रव्य शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीवर नेमके कोणत्या अंशात गेले, हे सांगणारा वाटाड्या यीस्टची वाढ हाच होता.

जंतू आणि प्राणी यांच्या गरजा एकच आहेत, ही गोष्ट १९३७ मध्ये ठळकपणे पुढे आली. त्या वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात सी. ए. एल्व्हेयम व त्यांचे सहकारी यांनी कुत्र्यांतील ‘काळी जीभ’ हा रोग निकोटिनिक अम्लाने बरा केला. माणसातील वल्कचर्म (पेलाग्रा) या रोगाशी त्याचे साम्य असल्याने वल्कचर्मावरील उपायाचा मार्गही त्यामुळे खुला झाला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बी. सी. जे. जी. नाइट यांना पूजनक गोलाणूंच्या (स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या) वाढीसाठी आणि अमेरिकेत जे. एच्. म्यूलर यांना घटसर्पाच्या जंतूंच्या वाढीसाठी हेच अम्ल लागते असे आढळून आले.

प्रत्यक्ष परिमाणात्मक पद्धत विस्कॉन्सिन विद्यापीठातच उदयास आली. ई. ई. स्नेल व एफ्. एम्. स्ट्राँग यांनी १९३९ मध्ये लॅक्टोबॅसिलस केसिआय या जंतूच्या साहाय्याने रिबोफ्लाविन मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. तोपर्यंत हे काम उंदरांवर केले जाई. रिबोफ्लाविनरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांना नमुना खाऊ घालून कित्येक आठवडे त्यांचे वजन करीत राहावे लागे. त्याला खर्च पुष्कळ येई आणि एकाच पिंजऱ्यातील दोन उंदरांची वाढही सारखी होत नसे. जंतूंची रीत तीन दिवसांत व काही परीक्षानळ्यांत तेच उत्तर देऊ लागली. १९४१ मध्ये स्नेल व एल्. डी. राइट यांनी लॅक्टोबॅसिलस अरॅबिनोसस (पुढे लॅ. प्लँटेरम) वापरून निकोटिनिक अम्लाची मोजणी केली. त्यानंतरच्या काही वर्षांत इतर जीवनसत्त्वांसाठीही जंतू सापडत गेले. जंतूंखेरीज यीस्टची व कवकांचीही यात भर पडली, उदा., थायामिनासाठी फायकोमायसीज हे कवक आणि ब६साठी सॅकॅरोमायसीज कार्ल्सबर्जेन्सिस हे यीस्ट.

फॉलिक अम्लाचा शोध या पद्धतीचे मोठे यश मानले जाते आणि त्याचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. इंग्लिश वैद्य लूसी विल्स या १९२८ मध्ये भारतात आल्या व मुंबईतील गरीब गरोदर स्त्रियांत आढळणाऱ्या एका तीव्र पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. या रोगात रक्तातील तांबड्या कोशिका संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होतात. यीस्टपासून केलेल्या ‘मार्माइट’ या स्वस्त अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. मारक पांडुरोगावर गुणकारी असलेले शुद्ध यकृतार्क मात्र अशा रोग्यांना उपयोगी पडत नाहीत, असेही त्यांना पुढे दिसून आले. म्हणजे हे द्रव्य वेगळे होते. ते कोणते, हे रोग्यांवरील प्रयोगांनी उलगडणे कठीण होते. ते काम जंतूंनी केले. टेक्सस विद्यापीठात एच्. के. मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी १९४१ मध्ये सु. चार टन पालकापासून स्ट्रेप्टोकॉकस लॅक्टिस आर या जंतूच्या वाढीला लागणारे एक अम्ल बरेचसे वेगळे केले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘फॉलिक अम्ल’ हे नाव दिले. यकृतातून मिळणारा, लॅ. केसिआयला लागणारा घटक स्फटिकरूपात १९४३ मध्ये हाती आला. त्याचे संश्लेषण (कृत्रिम रीतीने निर्मिती) लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत झाले व १९४५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. या संशोधनाची सूत्रे भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. मार्माइटमधील अज्ञात द्रव्य ते हेच, असे आता मानले जाते.

ब१२च्या शोधात जंतूंनी किती काळ वाचविला, हे दोन देशांतील प्रयत्नांची तुलना केली असता स्पष्ट होते. मारक पांडुरोग यकृत खाल्ल्याने आटोक्यात येतो हे जी. आर्. मायनॉट व डब्ल्यू. पी. मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखविले होते. तथापि यकृतातील गुणकारी द्रव्य शुद्ध करण्यास आणखी बावीस वर्षे लागली. अडचण मोजणीची होती. हा रोग प्रयोगशाळेतील कोणत्याही प्राण्यात निर्माण करता येत नसे. त्यामुळे यकृतार्काचा प्रत्येक नवा अंश उपचार सुरू न झालेल्या रोग्याला टोचावयाचा आणि त्याच्या रक्तात नव्या, अपक्व तांबड्या कोशिका किती वाढतात हे दिवसेंदिवस पाहत राहावयाचे, एवढाच मार्ग होता. असे रोगी थोडे असत, एका रोग्यावर फारच थोड्या चाचण्या होऊ शकत आणि निष्प्रभ अंश ज्याच्या वाट्याला येई त्याच्यावरील उपचार तेवढे दिवस लांबणीवर पडे. इंग्लंडमध्ये ग्लॅक्सो कंपनीतील ई. लेस्टर स्मिथ यांनी याच कष्टाच्या मार्गाने शुद्धीकरण चालविले होते. अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठातील मेरी शॉर्ब यांच्या लक्षात आले की, लॅक्टोबॅसिलस लॅक्टिस डॉर्नर या जंतूला वाढीसाठी यकृतार्क लागतो आणि अर्क पांडुरोगावर जितका प्रभावी, तितकी जंतूची वाढ अधिक होते. हे निरीक्षण त्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. मर्क कंपनीतील के. फोकर्स व त्यांचे सहकारी यांनी या जंतूच्या आधारे काम करून १९४८ मध्ये ब१२चे लाल स्फटिक मिळविले. स्मिथ यांनाही त्याच वर्षी यश आले. एका गटाजवळ शेकडो चाचण्या करता येतील असे साधन होते आणि दुसऱ्याजवळ मूठभर रोगी, हे ध्यानात घेता स्मिथ यांचे यश विशेष म्हटले पाहिजे.

कृती : आमापनाची रूपरेषा सर्व जीवनसत्त्वांसाठी सारखीच असते. प्रथम नमुन्यातील जीवनसत्त्व बंधमुक्त करून विद्रावात आणतात. त्यासाठी नमुना विरल अम्लासह दाबपात्रात तापवितात किंवा त्यावर एंझाइमांची क्रिया घडवितात. रिबोफ्लाविन प्रकाशाने नष्ट होत असल्याने ते काम मंद वा तांबूस प्रकाशात करावे लागते. फॉलिक अम्ल हवेतील ऑक्सिजनाने बिघडते म्हणून क-जीवनसत्त्व घालून त्याचे रक्षण करतात. नमुन्यातील मेदही काढून टाकणे इष्ट असते, कारण काही मेदाम्ले लॅ. केसिआयची वाढ उगाचच वाढवितात.

यानंतर परीक्षानळ्यांच्या दोन मालिका मांडतात. पहिलीत शुद्ध जीवनसत्त्वाच्या प्रमाणित विद्रावाची चढती परिमाणे, तर दुसरीत नमुन्याच्या अर्काची चढती परिमाणे घालतात. प्रत्येक नळीत ५ मिलि. माध्यम घालून पाण्याने एकूण घनफळ १० मिलि. करतात. माध्यमात ग्लुकोज, ॲसिटेट, विविध लवणे, ॲडेनीन व ग्वानीन यांसारखी द्रव्ये, मोजावयाचे जीवनसत्त्व वगळता बाकीची सर्व जीवनसत्त्वे आणि अम्लाने विघटित केलेले व जीवनसत्त्वरहित केलेले केसीन (दुधातील प्रथिन) असते. अम्लामुळे ट्रिप्टोफेन हे अमिनो अम्ल नष्ट होते, म्हणून ते वेगळे घालावे लागते. नळ्या दाबपात्रात १२१° से.ला थोडा वेळ ठेवून निर्जंतुक करतात. आदल्या दिवशी वाढविलेले जंतू लवणजलाने धुऊन, विरल करून त्यांचा एकेक थेंब प्रत्येक नळीत सोडतात. धुण्याचे कारण व्हिल्डिएर्स यांनी दाखविले तेच. बीजाबरोबर जुन्या माध्यमातील जीवनसत्त्व नव्या नळीत उतरता कामा नये. नळ्या ३७° से.च्या आसपास उबवणी पेटीत ठेवतात. सु. १६ ते २४ तासांनी द्रवाला आलेला गढूळपणा प्रकाशमापकाने मोजतात किंवा तीन दिवस थांबून तयार झालेले लॅक्टिक अम्ल सोडियम हायड्रॉक्साइडाच्या विद्रावाने अनुमापून (ते उदासीन होण्यास किती विद्राव लागतो हे पाहून) ठरवितात. प्रमाणित मालिकेवरून काढलेल्या वक्राशी नमुन्याचे आकडे ताडून पाहिले की परिमाण मिळते.

कागदावर सोपे वाटणारे हे काम हातून नीट होण्यास बरीच सवय लागते. काचपात्रांना चिकटून राहिलेले पूर्वीच्या प्रयोगातील जीवनसत्त्व किंवा धुण्याच्या साबणाचा अंश एवढ्यानेही उत्तर बिघडते. म्हणून पात्रे सु. २५०° से.पर्यंत तापवून त्यांवरील सेंद्रिय द्रव्य जाळून टाकण्याची प्रथा आहे. अर्काच्या निरनिराळ्या परिमाणांवरून काढलेले उत्तर एकच आले पाहिजे, ही या पद्धतीतील सर्वांत उपयुक्त कसोटी होय. परिमाण वाढवीत नेल्यास उत्तर सतत चढत वा उतरत गेले, तर नमुन्यात वाढीस उत्तेजक किंवा मारक असे दुसरे काहीतरी आहे असे समजून तो आकडा टाकून देतात.

उत्तराचा अर्थ : कष्टाने मिळविलेला आकडा नेमके काय सांगतो, हा या पद्धतीतील खरा कठीण भाग आहे. निकोटिनिक अम्लाचे उदाहरण बोलके आहे. पिकलेल्या मक्यातील या अम्लाचा बराचसा भाग मोठ्या रेणूंशी बद्ध असतो. नमुना अल्कलीत उकळला की तो मोकळा होतो व जंतू तो मोजतात. नुसत्या पाण्याने काढलेल्या अर्कात मात्र आकडा पुष्कळ कमी येतो. माणसाच्या पचनसंस्थेलाही हा बद्ध भाग फारसा सोडविता येत नाही. त्यामुळे अल्कलीने मिळालेला मोठा आकडा ‘खरा’ असूनही मक्यावर जगणाऱ्याला वल्कचर्म होते. मेक्सिकोमध्ये मका चुनकळीच्या पाण्यात शिजविण्याची जुनी रीत आहे व तेथे हा रोग विरळा आढळे. प्रयोगशाळेतील अल्कलीचे काम तेथे स्वयंपाकघरातच होत असे, असे म्हणावयास हरकत नाही. दख्खनच्या पठारावर ज्वारी हे मुख्य अन्न असलेल्या गरीब वर्गातही वल्कचर्म आढळले. ज्वारीतील निकोटिनिक अम्लाचे मोजलेले प्रमाण पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा कमी नसते, हे कोडेच होते. सी. गोपालन व एस्. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्यूसीन या अमिनो अम्लाच्या आधिक्याकडे बोट दाखविले. त्यावर पुढे मतभेद झाले. आकडा बरोबर असला तरी त्यावरून आहार पुरेसा आहे असे ठरत नाही, हे मात्र त्यातून दिसून आले.

ब१२च्या बाबतीत जंतूची चूक उलट दिशेने होते. शॉर्ब यांनी वापरलेला जंतू लहरी ठरल्याने त्याच्या जागी लॅक्टोबॅसिलस लाइखमॅनाय हा जंतू रूढ झाला. या जंतूला डीएनए या आनुवंशिक द्रव्याचे घटक बनविण्यासाठी ब१२ लागते. म्हणून नमुन्यात ते घटक (डीऑक्सिरायबोसाइडे) तयारच असले, तर जंतू ब१२वाचूनही वाढतो व त्यांनाच ब१२ म्हणून मोजतो. यावर उपाय म्हणजे नमुन्याचा एक भाग अल्कलीत तापवून त्यातील ब१२ नष्ट करणे आणि उरलेल्या वाढीचा आकडा मूळ आकड्यातून वजा करणे. ब१२शी रचनेने मिळतीजुळती, पण माणसाला निरुपयोगी अशी द्रव्येही हा जंतू वापरतो आणि त्यांना वजा करण्याची अशी सोपी युक्ती नाही. ऑक्रोमोनस मालहमेन्सिस हा कशाभिकायुक्त (चाबकासारख्या तंतूंनी हालचाल करणारा) एककोशिक जीव याबाबतीत अधिक चोखंदळ आहे. त्याची निवड माणसाच्या गरजेशी पुष्कळ जुळते. पण तो फार सावकाश वाढतो, त्यामुळे रोजच्या कामात मागे पडला.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. ब१२ वनस्पतिज अन्नात जवळजवळ नसते. पुण्यातील के. ई. एम्. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सु. दोन-तृतीयांश मध्यमवयीन पुरुषांत त्याचे प्रमाण कमी आढळले. अशा समाजात ‘शाकाहारी ब१२’ म्हणून स्पिरुलिना या नीलहरित शैवलाच्या गोळ्या विकल्या जातात, तेव्हा त्यांवरील आकडा कोणत्या पद्धतीने काढला हे पाहणे अगत्याचे ठरते. जपानमधील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखविल्याप्रमाणे या गोळ्यांत लॅ. लाइखमॅनाय ज्याला ब१२ समजतो ते बव्हंशी छद्म-ब१२ असते व माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग होत नाही.

वैद्यकातील उपयोग : रोग्याच्या रक्तातील फॉलिक अम्ल मोजण्याचे आरंभीचे प्रयत्न चुकीचा जंतू निवडल्यामुळे फसले. रक्तरसातील फॉलिक अम्ल मुख्यतः मिथिल-टेट्राहायड्रोफॉलिक अम्लाच्या रूपात असते. त्या काळी वापरात असलेल्या स्ट्रेप्टोकॉकस फीकॅलिसला हे रूप वापरताच येत नाही; त्यामुळे निरोगी व रोगी या दोहोंचे आकडे सारखेच नगण्य येत. लॅ. केसिआय मात्र ते वापरतो. १९५९ ते १९६१ या काळात त्याच्या आधारे रक्तरसाची विश्वसनीय चाचणी सिद्ध झाली आणि फॉलिक अम्लाच्या न्यूनतेमुळे झालेला पांडुरोग ब१२च्या न्यूनतेपासून वेगळा ओळखता येऊ लागला. हा भेद महत्त्वाचा आहे. ब१२ कमी असलेल्या रोग्याला नुसते फॉलिक अम्ल दिले, तर रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते व ती कायमची ठरू शकते.

रक्तरसातील प्रमाण अलीकडच्या काही दिवसांतील आहारावर अवलंबून असते. तांबड्या कोशिकेत मात्र ती तयार होतानाच फॉलिक अम्ल भरले जाते व तिच्या सु. १२० दिवसांच्या आयुष्यात ते तसेच राहते. म्हणून दीर्घकालीन स्थिती कळण्यासाठी कोशिका फोडून त्यांतील प्रमाण मोजतात. कोशिकेतील रूप ग्लूटामिक अम्लाची लांब साखळी जोडलेले असते व ते जंतूला वापरता येत नाही. रक्तद्रवातीलच एक एंझाइम योग्य परिस्थितीत ही साखळी तोडून देते.

या पद्धतीची मोठी अडचण म्हणजे रोग्याने घेतलेले प्रतिजैव औषध. ते रक्तातून नळीत येते, जंतूची वाढ रोखते आणि जीवनसत्त्व पुरेसे असूनही कमी असल्याचा निर्वाळा मिळतो. क्लोरँफिनिकॉलला दाद न देणारा लॅ. केसिआयचा प्रकार १९७० मध्ये वापरात आला, तेव्हा ही अडचण बरीच कमी झाली. शिवाय माध्यमात मुद्दाम हे औषध घालून इतर जंतूंचा शिरकावही थांबविता येऊ लागला. मिथोट्रेक्सेटसारखी फॉलिक अम्लविरोधी औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीत मात्र जंतूच्या उत्तरावर विसंबता येत नाही.

सद्यःस्थिती : १९६०च्या सुमारास किरणोत्सर्गी कोबाल्टयुक्त ब१२ व त्याला बांधून ठेवणारी प्रथिने यांवर आधारित चाचण्या पुढे आल्या. त्या काही तासांत होत व प्रतिजैव औषधांचा त्यांच्यावर परिणाम होत नसे. साहजिकच बहुतेक रुग्णालयांनी जंतू बाजूला सारले. तथापि १९७८ मध्ये जे. एफ्. कोलहाउस, आर्. एच्. ॲलन इत्यादींनी दाखवून दिले की, या चाचण्यांतील अशुद्ध प्रथिने रक्तातील निरुपयोगी ब१२-सदृश द्रव्यांनाही बांधतात व ब१२ खरोखर कमी असलेल्या रोग्यांचेही आकडे सामान्य येतात. त्याच रोग्यांची न्यूनता जंतूंच्या चाचणीने मात्र उघड होत होती. पुढे शुद्ध आंतरघटक (जठरात स्रवणारे, ब१२ला बांधणारे प्रथिन) वापरून हा दोष दूर करण्यात आला. असे असूनही मारक पांडुरोगाच्या काही रोग्यांच्या रक्तात या आंतरघटकाविरुद्धची प्रतिपिंडे असतात आणि ती स्वयंचलित चाचणीत अडथळा आणून आकडा फसवा, सामान्य दाखवू शकतात, असे २०१२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी निदर्शनास आणले.

दरम्यान जंतूंची रीतही सुटसुटीत झाली. पूर्वी जंतूंचे संवर्धन ठराविक दिवसांनी नव्या माध्यमावर हलवून जिवंत ठेवावे लागे आणि त्यात त्यांचे गुण हळूहळू पालटत. १९९०च्या सुमारास ते ग्लिसरॉलात गोठवून ठेवण्याची आणि परीक्षानळ्यांऐवजी ९६ खळ्यांच्या लहान तबकड्या वापरण्याची पद्धत आली. त्यामुळे रक्ताचे काही थेंब पुरेसे होऊ लागले व एका दिवसात शेकडो नमुने हाताळता येऊ लागले. अन्नपदार्थांतील बहुतेक जीवनसत्त्वांसाठी आता वर्णलेखन (मिश्रणातील घटक स्तंभावर अलग करण्याची पद्धत) व वस्तुमानमापन यांचा वापर वाढला आहे. परंतु फॉलिक अम्ल पाचसहा रूपांत विखुरलेले असते आणि त्या सर्वांची बेरीज एकाच आकड्यात हवी असते. ती लॅ. केसिआय आपोआप करून देतो, म्हणून तेथे त्याचे स्थान टिकून आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीत २००७ पासून किरणोत्सर्गी चाचणी सोडून पुन्हा याच जंतूचा अवलंब करण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसूतिक्षम वयातील स्त्रियांसाठी तांबड्या कोशिकांतील फॉलिक अम्लाची पातळी दर मिलि.ला ४०० नॅनोग्रॅमपेक्षा अधिक असावी, असे सुचविले. गर्भाच्या मेंदूत व पृष्ठरज्जूत निर्माण होणारे जन्मजात दोष टाळण्यासाठीची ही समाजव्यापी मर्यादा सूक्ष्मजैविक आमापनाच्या आकड्यांवर बेतलेली आहे. इतर चाचण्यांचे आकडे तिच्याशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

सूक्ष्मजैविक आमापनाचे आकडेही जंतूचा प्रकार व प्रमाणित द्रव्य यांनुसार थोडे बदलतात. क्लोरँफिनिकॉलला दाद न देणारा प्रकार शुद्ध फॉलिक अम्ल आणि मिथिल-टेट्राहायड्रोफॉलिक अम्ल यांना सारखा प्रतिसाद देत नाही, म्हणून यांपैकी कोणते प्रमाण म्हणून वापरले हे आकड्याबरोबर नमूद करावे लागते. जंतूची नावे तर अनेकदा बदलली आहेत. फॉलिक अम्लासाठी रूढ असलेला ‘लॅ. केसिआय’ पुढे लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस ठरला आणि २०२० मधील पुनर्वर्गीकरणानंतर लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस म्हणून ओळखला जातो. अमेरिकन टाइप कल्चर कलेक्शन या संवर्धन-संग्रहातील त्याचा ७४६९ हा क्रमांक मात्र तोच आहे आणि प्रयोगशाळा जंतू मागवितात त्या या क्रमांकानेच.